सावकाश उडणारं लक्ष्य

4 मार्च 2019. भारताने पाकिस्तानात बालाकोटवर केलेल्या हल्ल्याला अजून आठवडाही झाला नव्हता. राजस्थानात बिकानेरच्या बाजूने आलेलं पाकिस्तानी ड्रोन सकाळी साडेअकराच्या सुमारास जमिनीवरच्या रडारने टिपलं. हवाई दलाचं सुखोई-30 एमकेआय त्याच्या मागावर गेलं, क्षेपणास्त्र सुटलं, ड्रोन पडलं. बातमी चार ओळींत संपली. वाचणाऱ्याला वाटावं, यात एवढं काय? एकीकडे दोन इंजिनांचं, ताशी दोन हजार किलोमीटरपर्यंत पोचणारं लढाऊ विमान. दुसरीकडे आत माणूस नसलेलं, संथपणे घिरट्या घालणारं यंत्र. पण हे काम मोठं जिकिरीचं आहे, आणि त्यातला सर्वांत कठीण भाग वैमानिक शत्रूच्या जवळ पोचण्याआधीच कुणीतरी पार पाडलेला असतो.

तो भाग म्हणजे दिसणं. रडारच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंचीवरच्या रडारला हजार मीटरवरून येणारी वस्तू सपाट प्रदेशात सुमारे 140 किलोमीटरवर दिसू शकते. तीच वस्तू शंभर मीटरवर उतरून आली, तर 55 किलोमीटरच्या आत येईपर्यंत क्षितिजाआडच राहते. ही झाली वाळवंटाची गोष्ट. हेच रडार भोर तालुक्यातल्या आंबवड्यात मांडून पाहावं. 1936 सालचा झुलता पूल, नागेश्वराचं देऊळ, तिथून टिटेघर-कोर्ल्याकडे चढत जाणारा रस्ता आणि समोर रायरेश्वर-केंजळगडाची आडवी भिंत. वाईच्या बाजूने कुणी ड्रोन सोडलं, तर डोंगराची धार ओलांडेपर्यंत आंबवड्यातल्या रडारवर त्याचा ठिपकाही उमटणार नाही. धार ओलांडल्यावर हाती उरतात काही मिनिटं. पूर्वी या मुलखात पहारे खोऱ्यात न बसवता रोहिडा आणि केंजळगड या किल्ल्यांच्या माथ्यावर बसवले जात, त्याचं कारण यापेक्षा वेगळं नव्हतं. आज रडारही टेकडीवर चढवतात. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून ते विमानात बसवून आकाशात नेतात. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेलं ‘नेत्र’ हे असंच विमान.

दिसलं तरी ओळखायचं कसं? जमिनीवरून, झाडांवरून, डोंगरावरून लहरी परत येतच असतात. तो गोंगाट गाळण्यासाठी रडार संथ हलणाऱ्या गोष्टी बाजूला टाकतं, आणि संथ ड्रोन नेमकं त्याच गाळणीत अडकतं. गाळणी सैल केली तर पक्ष्यांचे थवेही पडद्यावर येतात. मग प्रश्नांची साखळी सुरू होते. या वेळी या भागात कुणाला उड्डाणाची परवानगी आहे का? आपल्याच सैन्याचं आहे का? विचारलेल्या संकेताला उत्तर येतं का? वेगवेगळ्या रडारांची चित्रं एकत्र जोडण्यासाठी हवाई दलाने आयएसीसीएस ही यंत्रणा उभारली आहे. तिच्या पडद्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यांना थोड्या वेळात, अपुऱ्या माहितीवर उत्तर द्यावं लागतं.

ओळख पटणं किती अवघड आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या गावांना कुणी सांगायला नको. 2024 च्या पावसाळ्यात शिरूर, जुन्नर, आंबेगाव भागात रात्री आकाशात दिवे फिरताना दिसले आणि माणसं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. चोरांची टेहळणी, सर्वेक्षण, की कुणाचा खेळ? खालून पाहणाऱ्याला एक दिवा आणि एक घरघर यापलीकडे काहीच कळत नव्हतं. ती भीती खरी होती आणि तिची टिंगल करण्यासारखं त्यात काही नाही. सीमेवरच्या रडारचालकापुढे हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की त्याच्या उत्तरावर क्षेपणास्त्र सुटणार असतं.

विमान उडाल्यावर दुसरंच गणित सुरू होतं. टेहळणीचं ड्रोन ताशी 200 किलोमीटरने चाललंय आणि लढाऊ विमान 900 ने मागून येतंय असं धरू. फरक 700 चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 195 मीटर. तीन किलोमीटरवर ते डोळ्यांना दिसलं, तरी पंधरा सेकंदांत विमान त्याच्या पुढे निघून जातं. मग वळायचं. या वेगात शरीरावर चौपट भार घेऊन वळलं, तरी वळणाची त्रिज्या दीड किलोमीटरहून जास्त होते. ड्रोन मात्र सहज अर्ध्या किलोमीटरच्या घेरात फिरून दिशा बदलतं. वेग कमी करावा, तर विमान हवेत तोलून धरणं कठीण होत जातं. त्यात ड्रोनचं इंजिन छोटं. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला जेट विमानाचा झोत लांबून सापडतो, या इंजिनाची ऊब तशी सापडत नाही.

सीमाही फार दूर नसते. एकमेकांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत लढाऊ विमानं न्यायची नाहीत, असा करार भारत आणि पाकिस्तानने 1991 मध्ये केला. 900 च्या वेगाला दहा किलोमीटर म्हणजे 40 सेकंद. सुखोईत पुढे वैमानिक आणि मागे शस्त्रप्रणाली सांभाळणारा अधिकारी असतो, ते अशा वेळी उपयोगी पडतं. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने रडारच्या पडद्यावरचा ठिपका हातचा जाऊ द्यायचा नाही. हे सुखोई महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचं आहे. 1997 मध्ये सुखोई-30 हवाई दलात दाखल झालं ते पुण्याच्या लोहगावला, आणि बहुतेक एमकेआयची बांधणी झाली ती नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात.

आपणही या खेळाची दुसरी बाजू पाहिली आहे. सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीची ‘ऑपरेशन पराक्रम’ ही मोहीम चालू असताना, 7 जून 2002 च्या रात्री, भारताचं इस्रायली बनावटीचं ‘सर्चर’ ड्रोन पाकिस्तानच्या एफ-16 ने लाहोरजवळ पाडलं. एप्रिल 2008 मध्ये अबखाझियाच्या आकाशात जॉर्जियाचं ‘हर्मिस’ ड्रोन पाडलं गेलं, तेव्हा समोरून येणारं विमान आणि त्याने सोडलेलं क्षेपणास्त्र त्या ड्रोनच्याच कॅमेऱ्याने टिपलं होतं. मार्च 2023 मध्ये काळ्या समुद्रावर रशियन सुखोईंनी अमेरिकेच्या ‘रीपर’ ड्रोनवर गोळी झाडलीच नाही. त्यांनी त्याच्यावर इंधन ओतलं, एकाची धडक पंख्याला बसली आणि ड्रोन समुद्रात गेलं.

पाडणाऱ्यालाही यात धोका असतो. ऑक्टोबर 2022 मध्ये युक्रेनच्या वादिम वोरोशिलोव या वैमानिकाने मिग-29 मधून इराणी बनावटीची ‘शाहेद’ ड्रोन पाडली. त्यांतल्या एकाच्या स्फोटाचे तुकडे त्याच्याच विमानावर आदळले. विमान वस्तीपासून दूर वळवून त्याने उडी घेतली आणि तो वाचला.

मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात चित्रच पालटलं. 8 मेच्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी मिळून 300 ते 400 ड्रोन सोडल्याचं भारताने जाहीर केलं. इतक्यांच्या मागे लढाऊ विमानं धाडणं खर्चाच्याही आणि संख्येच्याही हिशेबात बसत नाही. तिथे कामाला आल्या लष्कराच्या एल-70, झेडयू-23 आणि शिल्का या विमानविरोधी तोफा आणि त्यांना लक्ष्य वाटून देणारी ‘आकाशतीर’ यंत्रणा. एल-70 ही मूळची बोफोर्सची 40 मिलिमीटरची तोफ. तिची रचना जुनी आहे, पण नव्या रडारची आणि कॅमेऱ्याची जोड दिल्यावर तिने अनेक ड्रोन खाली आणली. कौतुकाचा मोठा वाटा वैमानिकांना मिळतो. त्या रात्री तोफेमागे आणि रडारच्या पडद्यासमोर जागलेल्या जवानांनाही तो तितकाच मिळायला हवा, आणि तो अजून मिळालेला नाही.

शिवाय पाडलेली वस्तू कुठेतरी पडतेच. सप्टेंबर 2025 मध्ये रशियन ड्रोन पोलंडमध्ये शिरली, तेव्हा नाटोच्या लढाऊ विमानांनी त्यांतली काही टिपली. त्याच रात्री विरिकी गावातल्या एका घराचं छप्पर उडालं. ते ड्रोनमुळे नव्हे, तर बचावासाठी पोलंडच्याच विमानाने सोडलेल्या क्षेपणास्त्रामुळे उडालं असावं, असं पुढे तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं. घरातलं कुणी जखमी झालं नाही. खाली वाळवंट असेल तर ट्रिगर दाबण्याची परवानगी देणं सोपं असतं. खाली वाड्यावस्त्या असतील तर तुकडे कुठे पडतील हे ठरवूनच नियंत्रकाला ‘थांब’ किंवा ‘सोड’ म्हणावं लागतं, आणि तोवर ड्रोन पुढे सरकत राहतं.