कॉलराच्या खोलीतले वर्ग

सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली इंग्लंडमध्ये निघाले. आजच्या स्वयंविकासाच्या पुस्तकांची वंशावळ बहुधा त्याच्यापासूनच मोजतात. माणूस एकट्याच्या जिद्दीवर मोठा होतो, हा त्याचा संदेश म्हणून जगभर पोहोचला.

पण ते पुस्तक जन्मले घोळक्यात. प्रस्तावनेतच स्माइल्स सांगतात, की लीड्समधल्या दोन-तीन गरीब तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवायचे ठरवले. एकाच्या घरातली खोली पुरेना, तेव्हा उन्हाळ्यात वर्ग बागेत भरू लागले. मध्येच सर आली की पाट्यांवरची गणिते धुऊन जात. पुढे संख्या आणखी वाढली. मग त्यांनी भाड्याने घेतली ती खोली, जिथे पूर्वी कॉलराचे तात्पुरते रुग्णालय होते आणि जी दुसरे कोणी घ्यायला धजत नव्हते. ज्याला थोडे येई तो कमी येणाऱ्याला शिकवी. संख्या शंभराच्या आसपास गेल्यावर तिथेच स्माइल्स यांना भाषणासाठी बोलावले गेले, आणि त्या भाषणांतून पुस्तक उभे राहिले.

पुस्तकात मात्र पाने भरली ती शोधक, कारखानदार अशा एकेकट्या कर्तबगारांनी. वर्ग प्रस्तावनेतच राहिले. हे नुकसान मोठे आहे. पुस्तक म्हणजे स्वार्थाचे गुणगान असा काहींचा समज झाल्यावर, १८६६ च्या आवृत्तीत स्माइल्स यांनी स्वतःच शीर्षकाबद्दल खंत व्यक्त केली.

लीड्समधले ते वर्ग भरत होते त्याच सुमारास, १८४४ च्या डिसेंबरात, जवळच्या रॉचडेलमध्ये कामगारांनी अशाच एकजुटीने वर्गणी काढून सहकारी दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या एवढाच माल होता, पण तो भेसळ नसलेला, आणि नफा ग्राहक-सभासदांतच वाटला जाई.