अडलंय नेमकं कुठे?

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्स घेतलेल्या मुलामुलींच्या वह्या चाळल्या तर एक गोष्ट वारंवार दिसते. डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्याच्या पायऱ्या नीटनेटक्या असतात, इंटिग्रेशन बरोबर असतं, शेवटचा ‘सी’सुद्धा विसरलेला नसतो. तरी पुस्तकामागच्या उत्तराशी उत्तर जुळत नाही. चूक बहुधा पहिल्याच ओळीत, समीकरण मांडतानाच झालेली असते.

पावसाच्या थेंबाचं गणित घ्या. थेंब उंचावरून सुटला आहे, हवेचा विरोध वेगाच्या (व्ही) प्रमाणात आहे, त्या प्रमाणाचा स्थिरांक बी आहे आणि वरची दिशा धन धरायची आहे. विद्यार्थी म्हणतो, गुरुत्वाकर्षण खाली, म्हणून उणे एमजी. विरोध वर, म्हणून अधिक बीव्ही. ऐकायला बिनचूक वाटतं. पण थेंब खाली येतोय, म्हणजे व्ही मुळातच ऋण आहे. अधिक बीव्ही लिहिलं की हवाच थेंबाला खाली ढकलू लागते! तिथे उणे बीव्ही हवं. दोन उणे मिळून बलाची दिशा आपोआप वर होते.

इथे चांगले सर किंवा मॅडम लाल रेघ मारून उत्तर लिहून देत नाहीत. ‘बराच वेळ गेल्यावर थेंबाचं काय होईल?’ एवढंच विचारतात. चुकीच्या समीकरणातून वेग घातांकी वाढत जातो, बरोबर समीकरणातून तो एमजी भागिले बी इथे स्थिरावतो. हवा नसती तर दोन किलोमीटरवरून पडलेला थेंब जमिनीपाशी सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने आदळला असता. मोठ्यातला मोठा थेंबही प्रत्यक्षात नऊ मीटरच्या आसपासच राहतो. (मोठ्या थेंबावरचा विरोध खरं तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, वेग स्थिरावतो, हे मात्र दोन्हीकडे खरं.) हा एक प्रश्न विचारायची सवय लागली की मूल आपली चूक आपणच पकडतं.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांना वेगळाच अनुभव आला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण बल आणि गतीबद्दलच्या साध्या प्रश्नांवर अडखळत. १९९१ पासून त्यांनी वर्गातच एकमेकांना समजावून सांगण्याची पद्धत सुरू केली. कारण उघड आहे. ज्या मुलीला ती गोष्ट कालच उमगली, तिला शेजारणीची अडचण कुठे आहे हे प्राध्यापकांपेक्षा लवकर कळतं. हॉस्टेलच्या खोलीत चारजणांनी एकच गणित घेऊन बसण्याला म्हणूनच मोल आहे, अर्थात एकाचं बघून तिघांनी उतरवलं नाही तर.

साधनांची आता चणचण नाही. आर्थर मॅटक यांची एमआयटीतली डिफरन्शियल इक्वेशन्सची व्याख्यानं फुकट पाहता येतात. टेक्ससच्या लमार विद्यापीठातल्या पॉल डॉकिन्स यांच्या नोट्समध्ये प्रत्येक पायरी उलगडलेली असते. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल उपक्रम २००३ पासून आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना इंग्रजी व्याख्यान पहिल्यांदा जड जातं. व्हिडिओ थांबवत थांबवत, आकृती आपल्या हाताने काढत पाहिलं तर बरंच सोपं होतं.

वुल्फ्रम अल्फा २००९ मध्ये आलं आणि समीकरण टाकताच उत्तर मिळू लागलं. आता एआय चॅटबॉट पायऱ्यांसकट देतात. त्यांना ‘हे गणित सोडव’ म्हणण्यात विद्यार्थ्याचं नुकसान आहे. ‘मी वरची दिशा धन धरली, ही बलं अशी लिहिली, यात चिन्ह चुकलंय का?’ असं विचारलं तर खरी मदत मिळू शकते. आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का, हे मात्र कागदावर स्वतः तपासावं, कारण चॅटबॉटही ठामपणे चुकतात.

अशा मेहनतीचा उपयोग पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला दिसतो. एलसीआर सर्किटचं समीकरण आणि स्प्रिंगला टांगलेल्या, घर्षणाने मंदावत जाणाऱ्या वजनाचं समीकरण यांचा साचा एकच आहे. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स येतो, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स आणि स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्तांक. स्प्रिंगचं समीकरण ज्याने स्वतः मांडलेलं असतं, त्याला या जोड्या सांगितल्या की सर्किटचं गणित तो कुणाला न विचारता पुरं करतो.