भात, मेद आणि मन

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या तंजावर जिल्ह्यास तामिळनाडूचे धान्यकोठार म्हणतात. महाराष्ट्रीय वाचकांस हे नगर परके नाही. १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते, आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील पाककृतींचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखित तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केले आहे. राजाच्या ताटाची गोष्ट निराळी. शेतकऱ्याच्या ताटात भाताचा ढीग आणि त्याबरोबर थोडे कालवण असे. दिवसभर चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या देहास तेवढा भात सहज पचे. पुष्कळदा तो कमीच पडे.

आज त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात अथवा कचेरीत दिवसाचे आठ-दहा तास बसून असते. श्रम गेले, भात मात्र राहिला. आणि त्यात तळलेले पदार्थ, बिस्किटे, गोड पेये व दिवसातून चार वेळा साखर घातलेली कॉफी ह्यांची भर पडली. (कुंभकोणमच्या कॉफीस नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही, दोष साखरेचा आहे.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तामिळनाडूतील ४०.४ टक्के स्त्रिया व ३७ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ आढळले.

परंतु वजनाचा आकडा सर्व हकीकत सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन ह्यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वजनास उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक येतो तो दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन ह्यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात तो २१.२ टक्के होता. दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीय देहातही मेद अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यावरून ध्यानी येते. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ झाला की अतिवजन आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपुढे व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे गेल्यास तोही धोक्याचाच समजतात.

असे का होते? भातातील पिष्टाची पचनात साखर बनते आणि ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन तिला स्नायूंत व यकृतात पोहोचविते. तेथील कोठार लहान असते. स्नायू थोडे आणि हालचाल कमी असेल तर ते लवकर भरते, व उरलेल्या साखरेचे मेदात रूपांतर होऊ लागते. हा मेद यकृतात व आतड्यांभोवती साचला की पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंडास अधिकाधिक इन्शुलिन सोडावे लागते. ही ओढाताण अनेक वर्षे मूकपणे चालू शकते. मधुमेह कळतो तो शेवटी.

ह्यावर 'तांदूळ सोडा, गहू खा' असा उपदेश सर्रास केला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह-पाहणीतील आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते ह्या उपदेशास फारसा आधार देत नाहीत. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून येतात. भाताऐवजी पोळी किंवा भाकरी खाल्ली, पण ह्या पदार्थांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका कमी झाल्याचे दिसले नाही. त्यांतील थोड्या उष्मांकांच्या जागी डाळी किंवा दूधदुभत्यातील प्रथिने घेणाऱ्यांत मात्र तो कमी आढळला.

आता मनाचा विचार करू, कारण तरुण वयात खरे दुखणे पुष्कळदा तेथेच असते. वर्गात मिळालेले टोपणनाव आणि लग्नाच्या बोलण्यात नातेवाइकांनी मारलेले टोमणे विसरले जात नाहीत. २०१० साली अनेक दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. लठ्ठ व्यक्तींत पुढे खिन्नतेचा विकार जडण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक, तर खिन्न व्यक्तींत पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी अधिक, असे त्यात दिसले. म्हणजे वाट दोन्हीकडून चालते. खिन्न माणसाची झोप मोडते, अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि हालचालीचा उत्साह उरत नाही.

लाजेपोटी उपाशी राहणे हा तर सर्वांत वाईट उपाय. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांस सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे व खिन्न झाले, एकलकोंडे बनले, आणि त्यांना रात्रंदिवस अन्नाखेरीज काही सुचेना. ते तरुण लठ्ठ नव्हते हे खरे. तरी उपासमार मनाचे काय करते हे त्यांनी दाखवून दिले. ह्याच्या उलट, ऑस्ट्रेलियात खिन्नतेच्या ६७ रुग्णांवर झालेल्या एका लहान प्रयोगात (२०१७) भाज्या, कडधान्ये, मासे ह्यांवर भर देणारा पोटभर आहार बारा आठवडे दिला गेला. ह्या गटातील सुमारे ३२ टक्के रुग्णांची खिन्नता ओसरली; ज्यांस केवळ सोबत व गप्पागोष्टी मिळाल्या त्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. एवढ्या लहान प्रयोगावरून आहारास औषधाची जागा देता येणार नाही. सतत खिन्न असणाऱ्याने वैद्याकडेच गेले पाहिजे.

तंजावरच्या ताटात फेरफार करावयास परदेशी वस्तू लागत नाहीत. भात निम्मा घ्यावा, सांबारात डाळ अधिक असावी, आणि बरोबर पालेभाजी, ताक व नवरात्रात घरोघर होणारे हरभऱ्याचे सुंडल असावे. वजनकाट्यावरील आकडा फारसा हलला नाही, तरी रक्तातील साखर व मेद ह्यांत सुधारणा दिसू शकते. जेवणानंतर थोडे चालल्यास स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांस इन्शुलिनची फारशी गरज लागत नाही. संध्याकाळी बृहदीश्वराच्या विस्तीर्ण प्राकारात माणसे फिरत असतात; एखाद्या संकोची तरुणास मित्राबरोबर तेथे दोन फेऱ्या घालणे घरी एकट्याने जोर काढण्यापेक्षा अधिक सोपे जाईल.