कवीच्या पानावर त्याच्या रचना : संकेतस्थळाच्या साच्यातील एक प्रश्न

नामदेवांचे मराठी अभंग आणि ‘गुरु ग्रंथ साहिबा’त त्यांच्या नावावर असलेली ६१ पदे वाचकाला एकाच पानावर दिसावीत, ही अपेक्षा वरवर साधी वाटते. संकेतस्थळावर ती पुरी करू पाहणाऱ्याला मात्र ग्रंथसंपादकाचेच प्रश्न सोडवावे लागतात.

वर्डप्रेस या प्रणालीच्या २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ‘लेख’ व ‘पान’ यांखेरीज हवे ते नोंदप्रकार सुलभपणे निर्माण करता येतात. ‘कवी’ हा एक प्रकार व ‘रचना’ हा दुसरा मानला, की त्यांचा संबंध कोठे नोंदवावा हे ठरवावे लागते. तो रचनेच्या नोंदीत असावा. आणि तोही कवीच्या नावाने नव्हे, तर कवीच्या नोंदीस प्रणालीने दिलेल्या क्रमांकाने. नावावर विसंबल्यास नंतरच्या विष्णुदास नामा याची रचना नामदेवांच्या पानावर येण्यास वेळ लागणार नाही. हा घोटाळा परंपरेत पूर्वीच झालेला आहे. त्यात यंत्राने भर घालण्याचे कारण नाही.

कवीच्या पानाचा साचा म्हणजे थीममधील एक स्वतंत्र फाइल. परिचय छापून झाल्यावर तीत दुसरी पृच्छा लिहावयाची : ज्या रचनांच्या कवी-रकान्यात प्रस्तुत पानाचा क्रमांक आहे, त्या आणाव्यात. येथे अभ्यासकाने जातीने लक्ष घातले पाहिजे. संख्या न सांगितल्यास प्रणाली संकेतस्थळाच्या सर्वसाधारण मर्यादेइतक्याच नोंदी आणते, आणि ही मर्यादा मुळात १० असते. उरलेली ५१ पदे गळाल्याची सूचना साच्यात आपण लिहिल्याखेरीज वाचकाला मिळत नाही; तो दहांवरूनच निष्कर्ष काढील. क्रम न सांगितल्यास सर्वांत अलीकडे प्रसिद्ध केलेली नोंद आधी येते. म्हणजे रागवार असलेला ग्रंथाचा क्रम मोडून टंकलेखकाचा क्रम, तोही उलटा, वाचकापुढे येतो.

पृच्छा संपल्यावर मूळ नोंद पूर्ववत् करण्याची आज्ञाही हवी. ती विसरल्यास पानाचा पुढील भाग शेवटच्या पदालाच चालू नोंद समजतो आणि कवीच्या परिचयाखाली त्या पदाचे शीर्षक अवतरते.

कर्तृत्वाविषयी वाद असलेल्या रचनांसाठी मात्र केवळ कवीचा क्रमांक पुरत नाही. त्यांच्या नोंदीत निर्णयाचा वेगळा रकाना ठेवावा, आणि साच्यात त्या ‘संदिग्ध’ अशा निराळ्या शीर्षकाखाली छापाव्यात.