मतपेटीविना महापौर

११ मार्च २०१७ची रात्र. रॉटरडॅममधल्या तुर्की वाणिज्य वकिलातीसमोर मोठा जमाव जमला होता. तुर्कस्तानातल्या सार्वमताचा प्रचार करायला त्या देशाच्या एक मंत्री जर्मनीतून मोटारीने शहरात येऊन पोचल्या होत्या. डच सरकारला हा प्रचार आपल्या भूमीवर नको होता. देशाची स्वतःची निवडणूक चार दिवसांवर आली होती. त्या रात्री रस्त्यावर काय करायचे ते शहराचे महापौर अहमद अबूतालेब ठरवत होते. त्यांनी आणीबाणीचा आदेश काढला आणि सशस्त्र पोलीस उभे केले. वेळ पडली तर गोळी चालवण्याची मुभा या पोलिसांना होती, हे त्यांनीच नंतर सांगितले. मंत्रिमहोदयांना पोलीस पहाऱ्यात जर्मनीच्या सीमेपर्यंत नेऊन सोडण्यात आले.

आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो. कारभाराची सूत्रे आयुक्तांकडे असतात आणि पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. त्यामुळे एका महापौराच्या हाती एवढे अधिकार कसे, असा प्रश्न आपल्याला पडतो. नेदरलँड्समध्ये शहराची सुव्यवस्था ही महापौराचीच जबाबदारी आहे. सरकारी वकील आणि पोलीसप्रमुख यांच्यासोबत तो नियमित बैठक घेतो. अमली पदार्थ सापडलेले घर तो बंद करू शकतो. घरात मारहाण करणाऱ्या माणसाला दहा दिवस घराबाहेर राहायला लावण्याचा अधिकारही २००९पासून त्याला आहे. शहराच्या सभेचा तो अध्यक्ष असतो, पण तिथे त्याला मत नसते.

आणि त्याला जनता निवडून देत नाही. पद रिकामे झाले की जाहिरात निघते, इच्छुक अर्ज करतात. सभेची एक समिती बंद दाराआड मुलाखती घेते. अर्जदारांची नावे फोडणे हा गुन्हा आहे. मग सभा शिफारस करते आणि राजाच्या आदेशाने सहा वर्षांसाठी नेमणूक होते. लोकशाहीसाठी नावाजलेल्या देशात हे चालते कसे, असे वाटणे साहजिक आहे. अबूतालेब यांची कारकीर्द पाहिली की या पद्धतीतले बळ माझ्या लक्षात येते.

त्यांचा जन्म १९६१चा, मोरोक्कोच्या रिफ डोंगरातल्या बेनी सिदेलचा. वडील इमाम. पंधराव्या वर्षी आई आणि भावंडांसोबत ते नेदरलँड्सला आले, भाषा शिकले, इंजिनिअर झाले आणि पुढे पत्रकारितेत शिरले. २००४च्या जानेवारीत मजूर पक्षातर्फे ते ॲम्स्टरडॅमच्या कारभारी मंडळात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांचा तिथे भररस्त्यात खून झाला. मारेकरी मोरोक्कन वंशाचा तरुण होता. अबूतालेब मशिदीत गेले आणि ज्यांना इथल्या खुल्या समाजाची मूल्ये मान्य नाहीत त्यांनी देश सोडावा, असे स्पष्ट बोलले. २००७मध्ये ते राज्यमंत्री झाले, तेव्हा दोन नागरिकत्वे असलेला माणूस सरकारात नको म्हणून संसदेत अविश्वासाचा ठराव आला. मोरोक्कोचे नागरिकत्व सोडणे जवळपास अशक्य असते, हे त्या गदारोळात बाजूलाच पडले.

जानेवारी २००९मध्ये ते रॉटरडॅमचे महापौर झाले. १९४०च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात मध्यवस्ती बेचिराख झालेले आणि नंतर युरोपातल्या सर्वांत मोठ्या बंदराच्या बळावर उभे राहिलेले हे शहर. इथे दीडशेहून अधिक देशांचे लोक राहतात. आणि स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या पिम फोर्टाइन यांचेही हेच शहर. २००२मध्ये त्यांची हत्या झाली, पण त्यांचा ‘लीफबार रॉटरडॅम’ हा पक्ष टिकला. २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत तोच सभेतला सर्वांत मोठा पक्ष ठरला. अबूतालेब यांच्या नेमणुकीला त्याने जोरदार विरोध केला होता. तरीही २०१५ आणि २०२१मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक झाली.

त्यांच्या बोलण्याची धार सर्वांनाच रुचत नसे. जानेवारी २०१५मध्ये ‘शार्ली एब्दो’वरच्या हल्ल्यानंतर दूरचित्रवाणीवर त्यांनी, स्वातंत्र्य सोसत नसेल तर चालते व्हा, असे अतिरेकी मुस्लिमांना खडसावले. हे त्यांनी आपल्याच समाजाला सुनावले, यात मला मोठे धैर्य दिसते. स्थलांतरितांची मते गोळा करायची असती, तर असे बोलणे महागात पडले असते. आणि लीफबारच्या मतदारांची मते हवी असती, तर त्यांना या शर्यतीत उभेच राहता आले नसते. मते मागायची नव्हती म्हणून ते दोन्हीकडच्या लोकांशी सरळ बोलू शकले.

सर्व दिवस अभिमानाचे नव्हते. नोव्हेंबर २०२१मध्ये कोरोनाच्या निर्बंधांविरुद्ध कोलसिंगल रस्त्यावर दंगल उसळली. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे जखमी झाली. त्याचे उत्तर सभेला देणे त्यांचेच काम होते.

थेट निवडणुकीची मागणी तिथे जुनी आहे. २०१८मध्ये राजनेमणुकीची अट राज्यघटनेतून काढली गेली, म्हणजे आता साध्या कायद्याने बदल करता येईल. पण लोकांची ओढ फार दिसत नाही. २००७मध्ये उट्रेख्ट शहराने महापौरपदासाठी नागरिकांचा कौल घेतला, तेव्हा दहा टक्केही मतदान झाले नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये अबूतालेब निवृत्त झाले. पुन्हा अर्ज, पुन्हा बंद दाराआडच्या मुलाखती. या वेळी नाव आले माजी उपपंतप्रधान कारोला स्खाउटन यांचे. त्यांच्या ‘ख्रिस्टेनयूनी’ या लहानशा ख्रिस्ती पक्षाची रॉटरडॅमच्या ४५ जणांच्या सभेत एकच जागा होती.