दृष्टी जाण्यापूर्वीचे दोन दिवस

मे 2021 मधील गोष्ट. पन्नाशीचे एक मधुमेही गृहस्थ उजव्या गालातील ठणका व चोंदलेली नाकपुडी घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. करोनातून उठून त्यांना पंधरवडा झाला होता. प्रतिश्याय व अर्धावभेदक समजून आम्ही अणुतैलाचे नस्य योजिले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते उठले तेव्हा उजव्या डोळ्यास काहीच दिसेना.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांत शिरोभितापातून उद्भवणारा लिंगनाशही आहे. दृष्टिनाशाचे मूळ नेत्राबाहेर असू शकते, हे आपण सर्वांनीच पदवीच्या वर्गात घोकलेले. त्या दिवशी ते आम्हांस आठवले नाही.

म्युकरवर्गीय बुरशीचे बीजाणू मातीत, कुजक्या पाल्यात, हवेतही असतात; निरोगी मनुष्यास ते सहसा बाधत नाहीत. रक्तशर्करा अनियंत्रित असून वर स्टिरॉइड चालू असेल, तर मात्र बुरशी नाकातून सायनसमध्ये व तेथून नेत्रगुहेत शिरते. ती रक्तवाहिन्यांच्या भित्ती भेदून आत गुठळ्या करते. दृष्टिपटलाची धमनी बंद पडली की दृष्टी काही तासांत जाते आणि बहुधा परतत नाही. (बुरशी स्वतः काळी नसते, रक्ताविना मेलेला भाग काळा पडतो.)

त्याआधी गालास बधिरता येते, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव होतो, वरचे दात हलतात, पापणी ओघळते, एकाचे दोन दिसतात. बॅटरी लावून टाळू पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. आम्ही ती लावली नव्हती. टाळूवरील काळा डाग पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आम्हांस दाखविला. अशा रुग्णास नस्य नको, लेप नको. त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. तेथे शस्त्रक्रिया व ॲम्फोटेरिसिन-बी यांस आपल्याकडे पर्याय नाही, हे स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. 2020 च्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन 6 मि.ग्रॅ., जास्तीत जास्त 10 दिवस दिले गेले. प्राणवायू न लागणाऱ्यांस त्याचा लाभ दिसला नाही. आमच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर गोळ्या पाच दिवसांच्या होत्या. त्याच चिठ्ठीवर दुकानातून पुनःपुन्हा आणून त्यांनी त्या तीन आठवडे घेतल्या.

त्यांचा डोळा काढावा लागला, प्राण वाचले. करोनाची लाट ओसरली तरी मधुमेह आहे, तोवर हा व्याधी आहेच. ते आजही शर्करेचा कागद घेऊन येतात आणि आम्ही सांगण्याआधीच तोंड उघडून बसतात.