गाडीचा ओरखडा आणि घरचा हिशेब

बँकेचे हप्ते फेडून घेतलेली जुनी गाडी असो वा मुलाने टुरिस्टच्या धंद्यासाठी काढलेली असो, दारावरचा पहिला ओरखडा जिवाला लागतोच. गॅरेजवाला पाहतो आणि अख्खा पॅनल रंगवण्याचा आकडा सांगतो. तेवढाच तुकडा रंगवला तर फरक दिसतो, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण बंधू-भगिनींनो, प्रत्येक ओरखड्यापायी एवढा खर्च करायलाच हवा असे नाही.

प्रथम त्यावरून नख फिरवून पाहावे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. नख अडकले नाही तर नुकसान वरच्या थरातच आहे. रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने घासावे, वरून पॉलिश मारावे, काम झाले. टूथपेस्टने ओरखडा जातो म्हणतात. अगदी पुसट असेल तरच फरक पडतो.

राखाडी प्रायमर दिसत असेल तर रंग भरावा लागतो. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र दिरंगाई नको. मुंबईच्या, कोकणच्या खाऱ्या दमट हवेत गंज रंगाखालून पसरत जातो. वर फुगवटा येतो, आणि तो फोडावा तर खाली पत्रा पोखरलेला! प्लॅस्टिकच्या बंपरला ही भीती नाही, तो सवडीने करावा.

रंग अंदाजाने आणू नये. पांढऱ्यातही अनेक छटा असतात. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तो सांगून टच-अपची बाटली घ्यावी. घरातला उरलेला ऑइल पेंट गाडीला लावू नये.

जागा धुऊन, वाळवून घ्यावी. सुटलेला पोपडा व गंज वॉटर पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढावा, मग प्रायमर लावावा. बाटली चांगली हलवून रंग टूथपिकच्या टोकाने फक्त चरीत भरावा. झाकणाचा ब्रश जाड असतो, रंग बाहेर पसरतो. एकच जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक वाळू द्यावा. शेवटी क्लिअर कोट. आठवड्याने २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून उंचवटा घासावा व पॉलिश करावे. हे काम सावलीत, कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी-सिगारेट नको. मेटॅलिक रंग हुबेहूब जुळत नाही. चार पावलांवरून दिसला नाही म्हणजे जमले समजावे.

विम्याचा दावा करू म्हणाल तर आधी हिशेब मांडा. सलग दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. तो हप्ता ६,००० रुपये धरला तर ३,००० वाचतात. एका ओरखड्याचा दावा केला की पुढच्या वर्षी ही सूट शून्यावर येते. शिवाय दाव्यातली ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते. मोठा अपघात असेल तर दावा जरूर करावा, त्यासाठीच हप्ता भरतो.

पत्रा दबला असेल किंवा गंज आरपार गेला असेल, तर डेंटरकडेच जावे. उरलेली बाटली घट्ट झाकून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.